तिसऱ्या बाकावरचे मास्तर

३ नोव्हेंबर, सकाळी ७.३०
आजपासून रोजनिशी. खरं आणि थोडक्यात लिहायचं.
अक्षयाचा फोन आला. माझी जुनी विद्यार्थिनी, आता गावच्या वाचनालयाची सेक्रेटरी. अमृतमहोत्सवात पंधरा तारखेला कोर्टाचा तो जुना ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा दाखवायचा आणि नंतर मी बोलायचं. ज्या कादंबरीवरून तो काढला, तिची लेखकाच्या सहीची प्रतही मांडायची. सिनेमा मला तोंडपाठ आहे. खोताचा निरपराध गडी पिंजऱ्यात, आणि भर कोर्टात उभं राहून खरं सांगणारे मास्तर! त्या मास्तरांमुळेच मी शिक्षक झालो. पुन्हा बघायची गरज नाही.

४ नोव्हेंबर
ती प्रत लोखंडी कपाटात नाही. चावी महादू शिपायाकडे असते, म्हणून सगळे त्याच्याकडे बघू लागले.
प्रत आमच्या माळ्यावर आहे. अकरा वर्षं. तेव्हा मी सेक्रेटरी होतो, अभ्यासासाठी आणली, नोंद करायची राहून गेली. कपाट महादूनेच उघडून दिलं होतं. तो विसरला असणार.
उद्या सकाळी पहिलं काम, परत करणे.

५ नोव्हेंबर
जमलं नाही. घरातल्या एकमेव कापडी पिशवीला बांगड्यांचा, म्हणजे मासळीचा वास. त्यात लेखकाची सही घालणं हा साहित्याचा अपमान.

७ नोव्हेंबर, दुपार
कमिटीची मीटिंग. अध्यक्ष भाई शुद्ध मराठीत बोलायला लागले, तेव्हाच ओळखलं की काहीतरी वाईट होणार. पुस्तक मिळालं नाही तर सोळा तारखेपासून महादूने येऊ नये, म्हणाले. बावीस वर्षं झाडतोय तो तिथे. दाराशी उभा होता.
मी उठणारच होतो. गुडघा धरला. तरी बसल्या बसल्या ठणकावून सांगितलं की चौकशी निष्पक्ष व्हावी. एवढं बोलायलाही धैर्य लागतं.
शेवटी ठरलं, रविवारी देवळात गाऱ्हाणं घालायचं. मी वयाने मोठा, म्हणून मीच.

९ नोव्हेंबर, रविवार
गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, जेना कोणी पुस्तक न्हेला आसात, तेका चांगली बुद्धी दी रे म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" महादूचा आवाज सगळ्यांत मोठा.
तेव्हा मला सुचलं. लगेच पुढे जोडलं, "आणि कोणी अभ्यासाक म्हणान न्हेला आसात, तर तेच्यावर दोष ठेव नको रे म्हाराजा." त्यालाही सगळे "व्हय म्हाराजा!" म्हणजे देवासमोर, अख्ख्या गावाच्या संमतीने मी सुटलो. कोर्टातसुद्धा इतक्या लवकर निकाल लागत नाही.
तरी जेवण गेलं नाही. सोलकढीसुद्धा नको वाटली.

११ नोव्हेंबर, दुपारी ४
अक्षयाने लिंक पाठवली, म्हणून सिनेमा पाहिला. चाळीस वर्षांनी.
मास्तर उभे राहत नाहीत.
तिसऱ्या बाकावर बसून चष्मा पुसतात. अख्ख्या सिनेमात त्यांना एकही वाक्य नाही. उभी राहते ती गड्याची बायको, आणि तिचं कोणी ऐकत नाही. गडी तुरुंगात जातो.
प्रिंट कापलेली असणार. कादंबरीत बघावं म्हणून माळ्यावरून प्रत काढली. शेवटची पानं एकमेकांना जोडलेली, छापखान्यातून आली तशीच. सुरीने कापावी लागली. अकरा वर्षांच्या अभ्यासात ती कापायची राहिली होती.
कादंबरीतही मास्तर बसूनच आहेत. मग ते उभे राहिलेले मी कुठे पाहिले?

१२ नोव्हेंबर
प्लॅन पक्का. भाषणातच कबुली द्यायची. स्टेजवर, माइकसमोर, पुस्तक उंच धरून. आठ पानं लिहिली. बायकोला, राधाला, वाचून दाखवली. ती कोकमं निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भाषण कित्याक? पुस्तक न्हेवन दिया."
बायकांना प्रसंगाचं गांभीर्य कळत नाही.

१५ नोव्हेंबर, संध्याकाळ
चाळीस मिनिटं बोललो. प्रकाशयोजना, संवाद, न्यायाची संकल्पना. सात पानं झाली. आठव्या, कबुलीच्या पानाला टाळ्या सुरू झाल्या. लोकांचा उत्साह मोडवेना.
महादू खुर्च्या उचलत होता. पुस्तक भाषणासाठी घेतलेल्या नव्या शबनम पिशवीतच.
मला स्वतःची लाज वाटते. हे लिहिलं म्हणून काही कमी होत नाही.

१६ नोव्हेंबर
सकाळी शबनम रिकामी. राधा पुस्तक महादूच्या घरी देऊन आली. त्याला काय सांगितलंस, असं विचारलं. म्हणाली, "तेका सगळा म्हायत होता."
महादूने भाईंना सांगितलं की कपाटामागे पडलेलं सापडलं.

१७ नोव्हेंबर, सकाळी १०
भाईंनी महादूला ठेवून घेतलं. अट एकच, निष्काळजीपणाबद्दल लेखी माफी, ऑफिसात नोटीस बोर्डावर लावायची.
महादू ते लिहून घ्यायला माझ्याकडेच आला. "गुरुजी, तुमचा अक्षर बरा आसा," म्हणाला. नजर जमिनीवर. मी म्हटलं, महादू, ऐक. तो म्हणाला, "लिवा, गुरुजी. माका झाडूक जावचा आसा."
लिहिलं. 'माझ्या हातून पुस्तक गहाळ झाले. चूक सर्वस्वी माझी आहे.' खाली त्याने सही केली.
भाईंना साक्षीदाराचीही सही हवी होती. ती मी केली.