उलटी वायर

३ फेब्रुवारी, सोमवार

आज तिघी गेल्या. टोकावड्याच्या नाक्यावर मी गाडी लावून उभी, आणि जया, तिच्या मागून रविना, तिच्या मागून भिमी — सरळ शेखरभावजींच्या गाडीत! सख्खा दीर माझा. त्याची इको रोज माझ्या इकोच्या मागंच उभी असते. मुरबाडच्या कंपनीतल्या बाया तोही नेतो, मीही नेते. आजवर कधी ओढाताण झाली नव्हती.

संध्याकाळी कंपनीच्या गेटवर जयाला धरलं. म्हणाली, "राग नको धरू गो नमू. दिवसभर उभं राहून मशीनची घरघर ऐकतो. येताना गाण्यात दम पायजे. तुझ्या गाडीत गाणं लागलं की वाटतं डब्यात खडे हलवतंय कोणीतरी."

खोटं नाय बोलली. गेल्या महिन्यातल्या म्हसा गावच्या जत्रेपर्यंत हेच स्पीकर असे वाजायचे की हळदीचं गाणं लागलं तर बाया बसल्या जागी खांदे हलवायच्या. जत्रा झाली आणि बेस गेला. आवाज आहे. बेस नाय.

ह्यांना सांगितलं. "जुने झाले. सोड," म्हणाले. ह्यांनीच बसवलेले, गाडी हे चालवायचे तेव्हा. बाइकवरून पडले त्याला दोन वर्षं झाली. उजव्या पायात रॉड, ब्रेक दाबवत नाय. तेव्हापासून गाडी मी चालवते आणि हे घरी बसून लोकांचे मोबाईल, मिक्सर दुरुस्त करतात.

सोड म्हणे! सोडून खाऊ काय?

५ फेब्रुवारी, बुधवार

डेकवर बेस फुल्ल केला. स्पीकर फाटल्यासारखा आवाज. मधल्या शिटावरची हेतल म्हणाली, "बंद कर, डोकं उठलं."

मुरबाडला दुकानात वूफरचा भाव विचारला. दुकानदार म्हणाला, "ताई, साहेबांना पाठवा." भाव विचारते मी, कळणार साहेबांना! निघून आले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

चारच बाया. येताना गाणं लावलंच नाय.

९ फेब्रुवारी, रविवार

मोबाईलवर एक व्हिडिओ सापडला. स्वस्तात बेस वाढवा म्हणे. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात. स्पीकरचा पुढचा आवाज आणि मागचा आवाज त्या भोकांतून एकमेकांत मिसळतो, मग बेस मरतो. भोकं बुजवायची. दुकानातली महागाची शीट नको, पत्र्याच्या गळतीला लावतात ती डांबरी पट्टी चालते. सरळगावच्या हार्डवेअरमधून एक रोल आणला. घरात जुन्या गादीचा फोम होताच.

सकाळी आठला सुरुवात केली. दोन्ही पुढच्या दारांचे आतले प्लास्टिकचे फट्टे खोलले. स्क्रू वाटीत ठेवले. आतून रॉकेलच्या फडक्यानं पत्रा पुसला. पट्टी लावायची, चमच्याच्या पाठीनं घोटायची. बोटं काळी झाली, एक नख तुटलं. सासूबाई दारातून — "बाईमाणूस दरवाजे खोलतंय! बघा गो बायांनो!"

हे ओट्यावर चहा घेऊन बसलेले. पाच तास बघत होते. मधेच म्हणाले, "पत्रा तो. ताशाच वाजायचा. ढोल कुठनं वाजंल?" आणि हसले. मी म्हटलं, "उठून मदत करा की." तर पायावर हात फिरवला.

दुपारी एकला गाणं लावलं. दाराची खडखड गेली. आवाज स्वच्छ झाला. बेस तसाच — नाय तो नाय.

गाडीत बसून रडले थोडी. काचा वर करून.

१२ फेब्रुवारी, बुधवार

एक गंमत झाली. डेकची बटणं दाबता दाबता चुकून सगळा आवाज डाव्या स्पीकरवर गेला. आणि बेस आला! पूर्ण नाय, पण आला. मग उजवीकडं नेला — तिकडंही आला. दोन्ही एकदम चालू केले, की गेला!

एकटा एकटा बरा वाजतो आणि दोघं मिळून पोकळ. असं कसं?

ह्यांना विचारलं. मान वर न करता म्हणाले, "तुझ्या कानाचं काहीतरी असंल."

१६ फेब्रुवारी, रविवार

शहापूरला गेले. जाताना किन्हवलीला माहेरी दहा मिनिटं थांबले, आईला तांदूळ दिले. शहापूरला बाजाराच्या मागं साईनाथ म्हणून एक फिटर आहे, गाड्यांची साऊंड सिस्टिम करतो. त्यानं साहेबांना पाठवा म्हटलं नाय. स्टूल दिलं बसायला. मी डाव्या-उजव्याची गोष्ट सांगितली तर लगेच मान हलवली.

"ताई, अर्धं काम तुमीच केलंय."

डेक बाहेर ओढला. मागच्या वायरी बोटांत धरून दाखवल्या. उजव्या स्पीकरची वायर उलटी जोडलेली. लालच्या जागी काळी, काळीच्या जागी लाल.

"एक स्पीकर हवा बाहेर ढकलतो, तेव्हाच दुसरा आत ओढतो. दोघं एकमेकांचा बेस खातात. नवा वूफर टाकला असता तरी हे दोघं भांडतच बसले असते."

मला हसू आलं. का ते त्याला सांगितलं नाय.

मग विचारलं, "आपोआप फिरली असंल?" साईनाथनं वायर जवळ आणली. कापलेली, उलटी जोडलेली, सोल्डर केलेली, वर नळी चढवलेली. "आपोआप सोल्डर होत नाय, ताई. कोणीतरी बसून केलंय. हात चांगला आहे."

दहा मिनिटांत सरळ केली. माझ्या बायांच्या आवडीचं गाणं लावलं आणि — शिटाखालून, पाठीतून, पोटात! दारांच्या पट्ट्यांचाही उपयोग झाला म्हणाला, आधीपेक्षा दणकट वाजतंय.

पण येताना सगळा रस्ता एकच डोक्यात. कापली कोणी? सोल्डरचं काम आमच्या घरात दोघा भावांना येतं. आणि बाया कुणाच्या गाडीत गेल्या? शेखरच्या!

१७ फेब्रुवारी, सोमवार

नाक्यावर उभी राहून मोठ्यानं गाणं लावलं. जया शेखरच्या गाडीत एक पाय टाकून थांबली. वळून बघितलं. आली! मागून दोघीही. सरळगाव येईपर्यंत सगळ्या टाळ्या वाजवत होत्या. हेतल म्हणाली, "नमूताई, आता कशी गाडी जिवंत झाली!"

आरशात शेखरची गाडी. दोनच बाया आत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बोलले आज. सगळ्यांसमोर, नाक्यावर. चहावाला, बाया, एसटीची वाट बघणारे — सगळे होते.

"भावजी, गाडीत हात घालून वायर कापायची? वहिनीच्या पोटावर पाय? एवढी भूक लागली होती तर मागायचं होतं!"

शेखर पांढरा पडला. "वहिनी, आईची शप्पथ. मी तुमच्या गाडीला हात लावला नाय."

"आईची शप्पथ खोटी घ्यायलाही लाज नाय वाटली?"

गाडीत बसला, रिकामीच घेऊन गेला. मला बरं वाटलं. लिहिते ते खरं लिहिते — फार बरं वाटलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सासूबाई शेखरकडं राहायला गेल्या. जाताना, "माझ्या लेकाला चोर म्हणालीस."

ह्यांनी सगळं ऐकलं आणि कुणाचातरी मिक्सर खोलत बसले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

शेखरच्या गाडीत आज एकही बाई नाय. जया म्हणाली, "असल्या माणसाच्या गाडीत कोण बसंल?"

माझ्या गाडीत नऊ.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी जेवायला वाढलं. सुकटीची चटणी, भाकर. हे भाकर मोडता मोडता म्हणाले, "शेखरला नको होतं बोलायला."

"का? त्याची बाजू घेता?"

"वायर मी फिरवली होती."

चटणी मागावी तसं बोलले!

मी उभीच. मग थोडं थोडं बाहेर आलं. म्हशाच्या जत्रेला आमी सगळी माझ्या गाडीतून गेलो होतो. मी स्टेअरिंगवर, हे मागच्या शिटावर बायांच्या मधे. जत्रेत कोणीतरी ह्यांना म्हणालं, "काय रे अमोल, आता मागच्या शिटावर काय?" लोक हसले. गाडीत त्यांनी बसवलेले स्पीकर, त्यांनी निवडलेली गाणी, आणि बाया माझं नाव घेऊन नाचतायत. दोन दिवसांनी मी झोपलेली असताना डेक खोलला.

"बाया कमी झाल्या तर तू घरी बसशील असं वाटलं."

"आणि खाल्लं काय असतं?"

"बघितलं असतं काहीतरी."

पाच तास, म्हणजे! पाच तास मी नख तोडून दारात पट्ट्या घोटत होते आणि हा माणूस चहा पीत बघत होता. त्याला ठाऊक होतं! पट्टीनं काय होणार नाय ते ठाऊक होतं. वर ताशाची मस्करी. माझ्या कानाचं काहीतरी असंल म्हणाला!

पाय गेला त्याचं मला वाईट वाटत नव्हतं काय? दोन वर्षं रोज तेल लावलं त्या पायाला. एक शब्द बोलला असता — नमू, मला बघवत नाय तुला त्या शिटावर. भांडलो असतो. पण बोलणं झालं असतं.

आजपासून इथं 'हे' लिहिणार नाय. अमोल.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नाक्यावर बोलले होते, नाक्यावरच माफी मागितली. गाणं बंद केलं, खाली उतरले, शेखरच्या गाडीपाशी गेले. "भावजी, माझं चुकलं. वायर तुमी नाय कापली. तुमच्या दादानं कापली."

चहावाल्याचा स्टोव्ह तेवढा वाजत होता.

शेखर खाली बघतच म्हणाला, "दादाचं नाव नव्हतं घ्यायचं, वहिनी. माझ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. माझे दोन पाय धड आहेत."

मी चोर म्हटलेला माणूस हा! तोंड वर करता येईना.

जयाला सांगितलं, आज तुमी तिघी त्याच्या गाडीत बसा. बसल्या.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. उपास. अमोलनं दिवसभरात एकच वाक्य म्हटलं — "नाक्यावर माझी अब्रू घालवलीस."

शेखरची गेली तेव्हा ह्याला कळली नव्हती. माझी भाकर जात होती तेव्हाही नाय. माझं चुकलं, एवढे दोन शब्द आज तरी येतील म्हणून रताळी उकडत बसले होते. रताळी संपली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

गाडीचे कागद काढून बघितले. नाव माझंच आहे. तीनदा वाचलं.

३ मार्च, सोमवार. किन्हवली

काल माहेरी आले. कपड्यांची बॅग आणि गाडी. अमोलनं थांब म्हटलं नाय. ओट्यावरून म्हणाला, "स्पीकर माझे आहेत." दोन्ही काढून त्याच्या पायाशी ठेवले.

आज किन्हवली ते शहापूर, पहिली फेरी. आठ माणसं. कोणी गाणं मागितलं नाय.