कॅसेटवरची फुंकर

रविवार, संध्याकाळ

सापडलं! जुन्या व्हिडिओ गेमची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवणारा माझा प्रोग्रॅम दर वेळी वेगळंच वाचत होता. सगळ्यांसाठी खुला ठेवलाय, म्हणून जास्तच लाज. तो वापरणारा काळेवाडीचा संतोष म्हणाला होता, "माझ्याकडं नीट चालतंय, राव." मी उलट त्यालाच 'नीट तपास' म्हणून सुनावलं. उगाचच.

आज सुजाता म्हणाली, "अहो, दर वेळी फुंकर कशाला मारता?"

फुंकर! लहानपणची सवय. तोंडाचा ओलावा कॅसेटच्या पिनांवर. स्पिरिटने पुसून पाचदा वाचली, पाचही वेळा तंतोतंत एकच! प्रोग्रॅम बरोबरच होता.

लगेच संतोषला फोन करून माफी मागितली. तो हसतच सुटला.

"भाऊ, मीपण फुंकायचो. प्रोग्रॅमसोबतच्या तुमच्याच सूचनांत 'फुंकू नका' वाचलं, तेव्हा सोडलं!"