न आटणाऱ्या विहिरीला दोन तारे

९ मे २०१६, संध्याकाळी सव्वासात. टँकरच्या रांगेत हंडा लावून लिहितोय.

शेतीच्या नव्या व्हिडिओ गेमचं परीक्षण आज गेमच्या दुकानाचे मालक अन्वरभाईंना दिलं. पाचपैकी दोन तारे. आठ दिवस मी जपून गेममधल्या रोपांना अर्धीच झारी घातली. पीक वाळलं. मग कळलं, त्यातली विहीर आटतच नाही.

भाई हसले. “गेममदली विहीर हाय बे ती! चार तारे लिही, न्हाईतर पुढचा गेम मिळणार न्हाई.”

चूक माझीच का? असेल. पण पाणी जपणाराच जिथे हरतो, ती शेती कसली? तारे दोनच ठेवले; विहीर आटत नाही, हे वाक्यही खोडलं नाही. परीक्षणासाठी त्यांनी दिलेला कन्सोल त्यांच्याच टेबलावर ठेवून आलो.

खर्च: एसटीचे बेचाळीस रुपये. देणं: कुणाचंच नाही.