सासूबाई, कवळी आणि माझा पेपर

४ मार्च
आज सासूबाईंची नवी कवळी बसवली. वरची-खालची, पूर्ण सेट. आपणच आपलं कौतुक करू नये, पण रोजनिशीत नाही करायचं तर कुठे? मास्टरपीस! सगळ्यात महाग शेडचे पांढरेशुभ्र दात. जुनी कवळी अठरा वर्षांची, पिवळी, दाढा झिजून सपाट. ती टाकून द्या म्हणालो, त्या बरं म्हणाल्या. नवी कशी वाटते? छान आहे म्हणाल्या. ‘छ’ला जरा शीळ वाजली. नॉर्मल आहे.

७ मार्च
बायकोची कटकट. आई तीन दिवस नुसतं सूप पितेय म्हणे. समजावलं, की मऊ पदार्थांनीच सुरुवात करायची असते, पुस्तकात आहे. तिने विचारलं, हिरडीला फोड येतात हेही पुस्तकात असेलच ना. आहे. पण लगेच हो कशाला म्हणायचं?
संकल्प: घरी दवाखान्याचा विषय बंद.

१० मार्च, सकाळी
सासूबाईंचा चेकअप. खुर्चीत बसवून अॅडॅप्टेशन, म्हणजे कवळीची सवय कशी होते ते, समजावून सांगितलं. ‘कवळी तोंडात नसते, मनात असते.’ काय वाक्य सुचलं! बोलताना त्यांनी तीन-चारदा बोट तोंडाकडे नेलं आणि परत खाली घेतलं. माझा ओघ तुटू नये म्हणून असेल. समजूतदार बाई. शेवटी विचारलं, छान आहे ना? छान आहे म्हणाल्या. पुढचा पेशंट खोळंबला होता, म्हणून तोंड उघडून बघायचं राहिलं.

१९ मार्च
जिंकलो! सासूबाई आज घरी आल्या होत्या. स्वयंपाकघरात उभ्या राहून खारे शेंगदाणे खात होत्या. कुडुमकुडुम! मला बघून दचकल्या, तोंडावर हात धरला. नवे दात दाखवायला लाजल्या असतील. बायकोला म्हणालो, बघ! बघतेय म्हणाली. मग मायलेकी एकमेकींकडे बघून हसत सुटल्या. घरात आनंदीआनंद.
संकल्प: पुढच्या महिन्यात डेंटिस्टांच्या कॉन्फरन्समध्ये यावर पेपर वाचायचा. सासूबाई स्टेजवर, लाइव्ह केस!

२८ मार्च
पेपर तयार. ‘कवळी: एक मनाचा खेळ.’ अध्यक्ष आमचे कॉलेजातले सर. त्यांनी मला याच विषयात दोनदा नापास केलं होतं. त्यांच्या डिपार्टमेंटला कवळीचा विषय शिकवायला माणूस हवाय. पेपर रंगला की ती जागा माझी. बारा वर्षं वाट बघतोय.
सासूबाई स्टेजवर यायला आढेवेढे घेत होत्या. नवीच कवळी घालून यायचं का, असं विचारत होत्या. मिश्कील स्वभाव!

११ एप्रिल, संध्याकाळी
लिहवत नाही. तरी लिहितो.
पेपर रंगला. सासूबाई खणखणीत बोलल्या, अख्खं सफरचंद चावून खाल्लं. टाळ्या! हॉलचे दिवे भिकार, दात पिवळट दिसत होते. मग सर ग्लोव्हज घालून स्टेजवर आले. कवळी काढून उजेडात धरली. मला विचारलं, की महिन्याभरात दाढा इतक्या झिजल्या कशा? मी माइकवर सांगितलं, की सासूबाई फार मनापासून चावतात.
हॉल खो-खो हसला. मीही हसलो. मग सरांनी कवळी माझ्या हातात दिली.
बायकोने पहिल्या रांगेतूनच सांगून टाकलं, की नवी घरी कपाटात आहे, आई ती फक्त चेकअपला घालते. सरांनी पाठीवर हात ठेवला. म्हणाले, ही कवळी ज्याने केली त्याला भेटून ये. शिकवायच्या जागेचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही.

१२ एप्रिल
घरात कुणी हसत नाही. त्याने जास्त लागतं. बायको म्हणाली, जावयाला वाईट वाटू नये म्हणून आई गप्प होती. जागा गेली त्याचं वाईट वाटतंच. पण त्या बाई तोंडात फोड घेऊन माझं व्याख्यान ऐकत होत्या, याची जास्त लाज वाटते.

१५ एप्रिल
सासूबाईंना नवी कवळी घेऊन बोलावलं. पहिल्यांदाच विचारलं, की कुठे दुखतं? तीन जागा दाखवल्या. तिन्ही ठिकाणी कवळी घासून दिली, परत बसवली. कसं वाटतं? छान आहे म्हणाल्या.
मी हात जोडले. म्हणालो, आई, आता तरी खरं सांगा.
मग त्या सुरू झाल्या. कवळीबद्दल पहिली दहा मिनिटं. पुढचा तासभर माझ्याबद्दल. मी कुणाचं ऐकून घेत नाही, पेशंटच्या तोंडात आरसा घालून त्याला प्रश्न विचारतो, त्यांच्या मुलीलाही लग्नापासून असंच उडवून लावतो. बाहेर पेशंट ताटकळले होते, त्यांनीही सगळं ऐकलं. एकही शब्द खोटा नव्हता.
पण इतक्या वेळात नवी कवळी जागची हलली नाही! घासल्याबरोबर बसली! मला राहवेना. आनंदाने सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, जावईबापू, मध्ये बोलू नका.