ज्या घरात कोणाचाच बाक नाही

मी, पेतेर्फी देनेश, ट्रान्सिल्वेनियातील वरचे कोर्तवेश आणि खालचे कोर्तवेश या दोन गावांच्या रिफॉर्म्ड ख्रिस्ती मंडळ्यांचा पाळक, वय शहात्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणायलाही आता घरी फारसे कोणी येत नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी जे सांगितले ते मी ऐकले आणि मला ते समजले. पूर्वी पत्नी इल्का हिच्यासोबत मी एक मृत्युपत्र केले होते. ती वारली. ते मी या लेखाने रद्द करतो.

१. देह. मला इल्काच्या शेजारी पुरावे. खुणेला लाकडी खांब पुरे, दगड नको. प्रवचन लहान असावे. माझ्याविषयी चांगले बोलू इच्छिणाऱ्याने, लोक थंडीत उभे आहेत हे ध्यानात ठेवावे.

२. झगा. उपासनेचा काळा झगा माझ्या जागी येणाऱ्या पाळकाला द्यावा. मी निवृत्त झालो तेव्हापासून कोणीतरी येणार आहे; तोवर उपासना मीच चालवतो. झगा खांद्यावर जड आहे. सुरुवातीला वाटते की हे कापडाचे वजन आहे.

३. मुलगी. माझी एकुलती मुलगी त्युंदे न्यूरेम्बर्गला असते. नासपतीची बाग, ओढ्यापलीकडचे गवताचे रान आणि बँकेतील शिल्लक तिला मिळावी. मुलीच्या कायदेशीर वाट्यापेक्षा हे कमी भरत नाही, असे नोटरीने पाहून सांगितले आहे. घर तिला दिलेले नाही. ते का, हे तिला माहीत आहे. पुढे इतरांसाठी लिहितो.

४. हत्यारे. छाटणीची कात्री आणि कलमे बांधायचा चाकू बागेबरोबर जावा. गवत कापायचा लांब दांड्याचा विळा गाल मोझेश याला. मोझेश हा खालच्या मंडळीचा कारभारी आहे. विळा त्याने मागच्या उन्हाळ्यात नेला तो अजून आणलेला नाही. आता आणू नये.

५. इल्काची पीठ मळायची लाकडी काथवट बाको बोरबाला यांना द्यावी. त्या वरच्या गावच्या. प्रभुभोजनाची भाकर वर्षानुवर्षे त्यांच्या हातची असते आणि त्यांची काथवट चिरली आहे. त्या नको म्हणतील. तरी द्यावी.

६. घर. हे कलम लांब आहे. वाचणाऱ्याने बसून वाचावे.

घर इल्काच्या आईवडिलांचे, तिच्यामागे माझ्याकडे आले. ते दोन गावांच्या मधल्या वळणावर आहे, कोणत्याच गावाच्या हद्दीत धड नाही. लग्नानंतर इल्का खालच्या गावात पाळकाच्या घरात राहायला आली तेव्हा तिची आई म्हणाली होती, "उतरलीस ना खाली? आता वर बघायला मान दुखेल." या भागात माणसे अशी बोलतात. त्यात राग असतोच असे नाही.

वरच्या देवळाचे छप्पर बर्फाच्या भाराने कोसळले, त्या वेळी आत कोणी नव्हते. घंटा वाचली. रंगवलेल्या लाकडी फळ्यांचे छत गेले. दुरुस्ती होणार असे आमच्या पंथाच्या वरिष्ठ कार्यालयाने कळवले. नंतर कार्यालयातली माणसे बदलली. मी खालच्या मंडळीला विचारले. तिने एकमताने ठराव केला की वरच्या बंधुभगिनींनी खालच्या देवळात उपासनेला यावे. मला त्या दिवशी बरे वाटले. मी घरी येऊन इल्काला सांगितले. ती म्हणाली, "यावे म्हणाले. बसावे म्हणाले का?"

आमच्या देवळात प्रत्येक बाक एका घराण्याचा असतो. बाप जिथे बसला तिथे मुलगा बसतो. बायकांचे बाक वेगळे, तिथे सून सासूच्या जागी बसते. माणूस वारला की त्याच्या जागेवर काळे कापड घालतात. घराणे परदेशी गेले तरी बाक त्याचाच राहतो. खालच्या गावातली निम्मी घरे बंद आहेत, त्यामुळे निम्मे बाक रिकामे असतात.

पहिल्या रविवारी वरची माणसे चालत उतरली, बूट झटकून आत आली आणि मागच्या भिंतीशी उभी राहिली. दुसऱ्याच्या जागेवर न सांगता बसणे हे त्यांना चोरीसारखे वाटते. त्यांच्याही देवळात असेच होते. ती खालच्यांच्या सांगण्याची वाट पाहत होती. खालच्यांपैकी कोणी काही सांगितले नाही. मी व्यासपीठावरून म्हणालो, "बसा." बसलेले जरा सावरून बसले. उभे असलेले उभेच राहिले. पाळकाचे म्हणणे मोजत नाहीत, कारण पाळकाचा बाक नसतो.

उपासनेनंतर मी मोझेशला गाठले.

"मोझेश, दोमोकोशांचा बाक रिकामा आहे."

"रिकामा दिसतो, पाळकसाहेब. रिकामा नाही. दोमोकोशांचा आहे."

"दोमोकोश म्युनिकला आहेत."

"म्हणून काय झालं? म्युनिकहून यायला एक दिवस पुरतो."

"इतक्या वर्षांत तो एक दिवस त्यांना मिळाला नाही."

"मिळाला आणि आले, तर मी काय तोंड दाखवू? तुमच्या जागेवर वरच्या गावची म्हातारी बसलीय म्हणून सांगू?"

मोझेश वाईट माणूस नाही. माझ्या आजारपणात त्याने माझी लाकडे फोडली. हिवाळ्यात वरच्या गावात कोणी वारले की थडग्याचा खड्डा खणायला तो कुदळ घेऊन सगळ्यांच्या आधी पोचतो. आमची दोन्ही गावे खड्डे एकत्र खणतात, ओढ्याला पूर आला की एकमेकांची गुरे ओढून काढतात, आणि त्याच संध्याकाळी एका बाटलीतून पितात. मी तरुणपणी 'सामाईक सेवाकार्य' या विषयावर एक निबंध लिहून पाळकांच्या सभेत वाचला होता. तेव्हा मला वाटे की मंडळ्यांना काम एकत्र करायला शिकवावे लागते. काम त्यांना येते. शेजारी बसता येत नाही.

मग मी बोरबालाबाईंकडे गेलो.

"बाई, तुम्ही एकदा बसून टाका. एक बसलं की बाकीचे बसतील."

"आमचे पाय शाबूत आहेत, पाळकबाबा."

"तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय."

"ते देवाला ठाऊक आहे. मोझेशला कशाला कळायला हवं?"

त्यानंतर इल्का वारली. पाळकाच्या बायकोचा बाक व्यासपीठाशेजारी असतो, सगळ्या मंडळीकडे तोंड करून. तेवढा एक बाक माझ्या अधिकारातला, असे मला वाटले. काळे कापड उतरल्यावर मी वरच्या चौघी बायकांना तिथे बसायला बोलावले. हा मान आहे, अशी माझी समजूत होती. देवळात इतकी शांतता झाली की मेणबत्तीची वात ऐकू आली असती. आमच्या देवळात मेणबत्त्या नसतात. बाहेर पडताना बोरबालाबाई म्हणाल्या, "पाळकीणबाईंच्या जागी? साऱ्या गावाच्या तोंडासमोर? लोक म्हणतील, म्हातारपणी पाळकानं घरोबा केला, आणि तोही एकदम चौघींशी."

मोझेश हसला. त्या दिवशी दोन गावे पहिल्यांदा एकाच गोष्टीला हसली. मी त्यावर समाधान मानले.

वर्षातून काही रविवार वेगळे असतात. प्रभुभोजनाला आमच्याकडे सगळेच उभे राहतात. मेजाभोवती आधी पुरुष, मग बायका, वयाप्रमाणे. तेव्हा मोझेश उभा असतो आणि बोरबालाबाईही. भाकर वरची आणि द्राक्षारस खालचा. मी भाकर मोडतो तेव्हा भिंतीजवळचा कोण आणि बाकावरचा कोण, ते दिसत नाही. मग 'आमेन' होते आणि अर्धी मंडळी बसते. ते बसण्याचा आवाज मी इतकी वर्षे ऐकतो आहे. मला त्या आवाजाचा थकवा आहे. डॉक्टरांना हृदयाचे जे सापडले ते वेगळे.

मी या विषयावर प्रवचने दिली. प्रार्थना केली. एकदा चिडलोही. आता वरची माणसे कमी येतात. वाटेवर बर्फ आहे म्हणतात. बर्फ पूर्वीही होता. मी गेल्यावर कार्यालय माणसे मोजेल. वरची मंडळी खाली येत नाही आणि खालची एकटी पुरेशी नाही, असे ठरवेल आणि दोन्ही देवळांना कुलूप लागेल. बाक मात्र ज्याचे त्याला राहतील.

म्हणून असे ठरवतो.

(अ) घर दोन्ही मंडळ्यांना मिळून, अविभक्त. पुढच्या दोन खोल्यांमधली भिंत मी याच शरद ऋतूत पाडून घेतली आहे. गवंड्याने विचारले, "मोठा हॉल करून काय करणार, पाळकसाहेब, लग्न?" थंडीच्या ज्या महिन्यांत देऊळ तापत नाही त्या महिन्यांत दोन्ही मंडळ्यांची उपासना या खोलीत व्हावी.

(आ) खोलीत खुर्च्या असाव्यात. बाक आणू नयेत. खुर्च्या जमिनीला ठोकू नयेत, त्यांवर नाव लिहू नये, घरून उशी आणून जागा धरू नये. उशी फारच लागत असेल तर जाताना परत न्यावी. काळे कापड कोणत्याही खुर्चीवर घालू नये. माझ्यासाठीही नको.

(इ) हे त्युंदेला फोनवर वाचून दाखवले. ती म्हणाली, "बाबा, मला घर नकोय. पण त्यांना दिलंत तर पहिल्या आठवड्यात ते कुलूप लावतील आणि किल्लीवरून भांडतील." माझी मुलगी या गावात वाढली आहे. म्हणून किल्ली वरच्या मंडळीकडे राहील आणि स्टोव्हची लाकडे खालच्या मंडळीच्या वखारीत. किल्लीवाले आले नाहीत तर लाकूडवाले दाराबाहेर. लाकूडवाले आले नाहीत तर किल्लीवाले थंडीत. याहून चांगली एकी मला घडवता आली नाही.

(ई) माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या पूर्ण हिवाळ्यात दोन्ही मंडळ्यांची एकही उपासना या खोलीत झाली नाही, तर घर त्युंदेचे. तिने ते विकावे. उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांसाठी असे घर शोधणारे लोक आहेत. तिने वाईट वाटून घेऊ नये आणि गावाला दोष देऊ नये. मी देणार नाही, कारण मी तेव्हा नसेन.

७. पुस्तके. ठळक अक्षरांचे स्तोत्रसंग्रह या घरातच राहावेत. बाकीची पुस्तके ज्याला हवी त्याने न्यावीत. सेवाकार्यावरचा माझा निबंध जाळावा.

८. अंमलबजावणी त्युंदेने करावी.

या मृत्युपत्राला साक्षीदारांची गरज नाही, हाताने लिहिलेले पुरते, असे नोटरी म्हणाला. मला ते हवे होते, प्रत्येक गावचा एक. आज दोघांना पाडलेल्या भिंतीच्या खोलीत बोलावले आणि वरील सर्व मोठ्याने वाचून दाखवले. विळ्याच्या कलमाशी मोझेश म्हणाला, "आणणारच होतो." त्यानंतर जे झाले ते सहा क्रमांकाच्या कलमाशी संबंधित असल्यामुळे येथे नोंदवतो.

मोझेश आल्याबरोबर खुर्चीत बसला होता. बोरबालाबाई संपूर्ण वाचन संपेपर्यंत दाराशी उभ्या होत्या, पिशवी हातात धरून. मी त्यांना बसा म्हणालो नाही. मी ते पुरेसे म्हणून झाले आहे. सहीसाठी कागद मेजावर ठेवला. त्या उभ्यानेच वाकल्या. पेन घसरले.

मोझेश खिडकीकडे बघत म्हणाला, "बसा की, बोरबालाबाई. सही वाकडी येईल."

त्या थांबल्या. "कोणाची आहे ही खुर्ची?"

मोझेशने माझ्याकडे पाहिले. मी स्टोव्हमध्ये लाकूड सारले.

"बसा म्हणतोय ना."

"कोण म्हणतंय? तू?"

"मी नाही तर काय हा स्टोव्ह म्हणतोय?"

त्यांनी आधी पिशवी खुर्चीवर ठेवून पाहिली. मग पिशवी खाली ठेवली.

खालचे कोर्तवेश आणि वरचे कोर्तवेश यांच्या मधल्या वळणावर, नोव्हेंबर महिन्याच्या नऊ तारखेला, सन दोन हजार चौदा.

लिहून देणार:
पेतेर्फी देनेश, पाळक

साक्षीदार:
गाल मोझेश, खालचे कोर्तवेश. बसून सही केली.
बाको बोरबाला, वरचे कोर्तवेश. बसून सही केली.