निशाणावरचं हिरवं

आषाढ वद्य ९, शके १८२६

झेंडा! पेठांचे नकाशे झाले, गटारांचे आराखडे झाले, आता झेंडा!

रावसाहेबांनी सकाळीच बोलावून घेतलं. महाराज गादीवर आल्याला दहा वर्षं झाली, त्यानिमित्त शहराच्या निशाणाचा एक पक्का नमुना ठरवायचाय. "संस्थानचं निशाण वेगळं, त्यात आपण पडायचं नाही. आपल्या म्युनिसिपालटीच्या कचेरीवर चढतं ते. कुठून आलं, आधी कसं होतं, काय बदललं, सगळं शोधा. टिपण लिहा, चित्र काढा. तुमची रेघ सरळ असते."

रेघ सरळ असते हे खरं. पण दर दसऱ्याला नवं निशाण चढतं आणि जुनं पंचगंगेत सोडतात. मग जुनं बघू कुठं? माशांच्या पोटात?

तसं विचारलं नाही. "बरं," म्हणालो.

आषाढ वद्य ११

निशाण उतरवून टेबलावर पसरलं. मापं घेतली. भगवं कापड, दोन टोकं, काठीच्या बाजूला दुहेरी शिवण. आणि खालच्या कोपऱ्यात हे काय? विड्याच्या पानाएवढा हिरवा तुकडा! बारीक टाक्यांनी बसवलेला. तेरा वर्षं या कचेरीत येतोय, रोज त्याखालून जातोय आणि हे मला ठाऊक नाही. नकाशे काढणाऱ्याने असं आंधळं असावं म्हणजे कमाल झाली.

पिराजीला विचारलं. निशाण तोच चढवतो, त्याच्या आधी त्याचा बाप चढवायचा.

"त्ये व्हय? पूर्वापार हाय."

म्हणजे कधीपासून?

"आता पूर्वापार म्हंजे पूर्वापारच की, नकाशेवाले! त्यात कधीपासनं कसं इचारता?"

या एका शब्दावर माझा फार राग आहे. आमच्या गल्लीतला पिंपळ पूर्वापार, त्याखाली बसणारा न्हावी पूर्वापार, आणि न्हाव्याने गेल्या संक्रांतीला आणलेला आरसा — तोही पूर्वापार! या गावात माणसाला मिसरूड फुटल्यापासून जे दिसतं ते पूर्वापार. टिपणात हा शब्द मी लिहिणार नाही. जे आहे ते आणि जसं आहे तसं.

आषाढ अमावास्या

हिरव्याने डोक्यात घर केलंय. जेवताना बायकोने, शालूने, दोनदा विचारलं, "भात वाढू का?" मी म्हणालो, "काठीच्या बाजूला." ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

श्रावण शुद्ध ३

पिराजी आज आपणहून आला. म्हणे आठवलं! "अंबाबाईच्या चोळीचा खण हाय त्यो. देवीनं गावाला दिल्याला." कुणी सांगितलं? "सांगायला कशाला पायजे? दिसतंय की!"

दुपारी एका शास्त्रीबुवांकडे गेलतो. (हे बघा, मीही गेलतो लिहायला लागलो. पिराजीची संगत!) ते म्हणाले, बेलाचं पान. मी म्हटलं, बेलाला तीन पानं असतात, इथं एकच आहे. ते म्हणाले, बाकीची दोन गळाली असतील.

श्रावण शुद्ध ६

जोतिबाच्या डोंगरावर. आज षष्ठी, गर्दी काय विचारता! पण सासनकाठ्या (देवापुढच्या निशाणांच्या उंच काठ्या) वागवणारी माणसं निशाणांतली दर्दी, म्हणून तंगडतोड केली. गुंडू नावाचा एक धिप्पाड गडी भेटला. चैत्रात त्याच्या गावची काठी तोच पेलतो. माझं चित्र उलटसुलट करून त्याने बघितलं.

"पावणं, ह्यो दवणा हाय. आमच्या जोतिबाचा दवणा. आनि काय असणार?"

"पण शहराच्या निशाणावर जोतिबाचा दवणा कसा?"

"मग काय कोबी असणार व्हय?"

शेजारची माणसं खो खो हसली. मलाही हसू आवरेना. येताना पायऱ्यांवर गुडघे बोलायला लागले, पण मजा आली. देवीचा खण, बेल, दवणा. ज्याने त्याने आपापलं हिरवं त्यात बघितलंय.

श्रावण शुद्ध ९

निशाण शिवतं ते घर शिंप्यांच्या बोळात. बादशहाभाई आणि त्यांची बायको अमीरबी. भाईंच्या आजापासून हा मान त्यांच्याकडे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी निशाण घडी घालून परातीत ठेवायचं, वाजतगाजत कचेरीत आणायचं, आणि भाईंना मानाचा नारळ. भाईंची नजर कधीचीच अधू झालीय. शिवतात अमीरबी, बोलतात भाई.

"पीराचा रंग हाय त्यो," भाईंनी छातीला हात लावून सांगितलं. "माझ्या आज्यानं लावला. त्येला सपान पडलं हुतं."

मी खूश! सगळं लिहून घेतलं. अमीरबी उंबऱ्याशी सुईत दोरा ओवत बसलेल्या. त्यांना म्हटलं, तुम्ही काय सांगाल? त्या म्हणाल्या, "ह्ये सांगत्यात तसं."

पण दोरा काही ओवला जाईना.

श्रावण पौर्णिमा

रावसाहेबांनी आज नवंच काढलं. मुंबईचा एक कारखाना छापील निशाणं करून देतो, एकसारखी, शिवण नाही, ठिगळ नाही. यंदापासून तीच मागवायची त्यांची इच्छा.

"मग बादशहाभाईंचा मान?"

"अहो, मान म्हणजे काय कायदा आहे? हां, एक आहे. तो हिरवा तुकडा खरंच जुनी खूण असेल, हाताने लावायची रीत असेल, तर मी ती मोडणार नाही. लोक माझ्या दारात येऊन बसतील. तसं टिपणात लिहून द्या. नाहीतर मुंबई. ठिगळासाठी कुणी घर पोसत नाही."

म्हणजे आता सगळं त्या पानाएवढ्या तुकड्यावर आलं. आणि माझ्यावर.

श्रावण वद्य ८

गोकुळाष्टमी. चांगलं ऊन पडलं म्हणून शालूने पेट्यांतले कपडे वाळत घातले. एक पेटी याही वर्षी उघडली नाही. त्याबद्दल इथं लिहायचं नाही असं ठरवलंय.

भाद्रपद शुद्ध २

सापडलं! जुनं निशाण सापडलं! आणि कुठं, तर पिराजीच्या घरात, त्याच्या नातवाच्या अंगाखाली!

निरोप द्यायला गेलो होतो. पोर वाकळेवर झोपलेलं. वाकळेच्या मधोमध भगवं कापड, त्याला दुहेरी शिवण. ती शिवण मी झोपेतही ओळखेन. मी वाकळ ओढली, पोर रडायला लागलं, पिराजीचा चेहरा पडला. निशाण नदीत सोडायचं काम त्याचंच ना!

त्याची बायको धोंडुबाई मात्र कंबरेवर हात ठेवून उभी. "मीच घेतलं. थोरलीच्या बाळंतपणाला. चांगलं कापड, धुऊन धुऊन मऊ झाल्यालं. नदीत सोडून काय मासं पांघरणार हायत व्हय?"

कुणाला सांगणार नाही असं वचन दिलं आणि वाकळ उजेडात नेली. निशाण सबंध होतं, चारी बाजू, दोन्ही टोकं.

हिरवा तुकडा नव्हता.

उसवल्याच्या खुणाही नाहीत. सुईचं एक भोकसुद्धा नाही. थोरलीचं बाळंतपण कधीचं? "पलेगच्या आदल्या सालचं," धोंडुबाई म्हणाली.

म्हणजे प्लेगच्या आधी हिरवं नव्हतंच! आज्याचं स्वप्न नाही, पीर नाही, दवणा नाही, बेल नाही. खण तर नाहीच नाही. सगळं उण्यापुऱ्या पाच-सहा वर्षांतलं! येताना रस्त्याने मी स्वतःशीच हसत होतो. घराच्या वळणावर भाईंची आठवण आली. मग हसू गेलं.

भाद्रपद शुद्ध ४

गणपती बसले. मोदक झाले. मन मोदकात नव्हतं.

भाद्रपद शुद्ध ८

राहवलं नाही. शिंप्यांच्या बोळात गेलो. भाई नमाजाला गेले होते, ते बरंच झालं. अमीरबींना वाकळेचं सांगितलं, पिराजीचं नाव न घेता. म्हटलं, तुकडा नवा आहे. कुणी लावला?

त्यांनी सुई कापडात खोचून ठेवली. मग उठून दार लोटून आल्या.

"ह्यास्नी ठावं न्हाई, भाऊ. ह्येंची नजर कवाचीच गेल्याली, कितीक सालं निशाण मीच शिवते. दुसऱ्या कुणीतरी सांगितलं हिरवं हाय, तर ह्ये म्हणाले पीराचं. मी म्हटलं, असू दे."

मग सांगितलं. त्यांची मदिना. सात वर्षांची. प्लेगात गाव बाहेर माळावर झोपड्या घालून राहिलं, तिथं गेली. माती द्यायला धड चार माणसं आली नाहीत. पुढे पाऊस लागला, झोपड्या मोडल्या, माळावरच्या खुणा गेल्या. नंतर दोघं शोधून आली. जागा सापडली नाही.

"कुठं म्हणून फूल घालू? ईदंला तिला हिरवी ओढणी आणल्याली. एकदाच घेतली अंगावर. दसऱ्याचं निशाण शिवाया बसले, तवा हात आपसूकच तिकडं गेला. म्हटलं, खाली जागा न्हाई तर वर तरी ऱ्हाऊ दे. बाजारला जाता-येता दिसती. सगळ्या गावावर दिसती." त्यांनी फडताळातून घडी काढून दाखवली. "दर साली वाईच कापते. उरलीया अजून."

मी तिथं रडलो. लिहायला लाज कशाची? ही वही माझीच आहे.

निघताना म्हणाल्या, "खरं लिवणार न्हवं तुम्ही?"

मी चपला घातल्या आणि बोळाबाहेर पडलो. हेच वाईट झालं.

भाद्रपद शुद्ध ९

शालूला सगळं सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक! ती भाकरी थापत होती. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच विचारलं, "माळावर म्हणजे, आपली झोपडी होती त्याच बाजूला?"

"हो."

भाकरी करपली. दोघांनीही ती खाल्ली.

भाद्रपद वद्य ५

टिपण लिहायला बसतो आणि उठतो. खरं लिहिलं तर पाच वर्षांचं ठिगळ, मान गेला, मुंबईचं छापील आलं. आणि बाजारला जाता-येता अमीरबी काय बघणार? शिवाय भाईंना कळणार, साऱ्या गावासमोर. खोटं लिहिलं तर माझी रेघ वाकडी. आयुष्यात एक केली नाही.

रावसाहेबांनी आज पुन्हा विचारलं. म्हटलं, शाई वाळतेय.

भाद्रपद वद्य १०

शालू म्हणाली चोळी शिवायला टाकायचीय, शिंप्यांच्या बोळात जाऊन येते. तिच्या चोळ्या ती स्वतः शिवते. मी विचारलं नाही. आल्यावर डोळे लाल होते, पण जेवली चांगली.

सर्वपित्री अमावास्या

मोठ्यांना पान वाढलं. लहानांना वाढायची रीत नाही.

रीत कोण ठरवतं? कुणीतरी पहिल्यांदा करतंच ना! कुणाच्या तरी आज्याने, कुणाच्या तरी आईने, काहीतरी सोसवेना म्हणून केलेलं असतं. ते का केलं हे लोक विसरतात आणि करणं तेवढं उरतं. मग पिराजी म्हणतो, पूर्वापार. मी त्या शब्दावर उगीच डाफरत होतो.

आश्विन शुद्ध १

टिपण दिलं. मापं खरी, शिवण खरी, चित्र नेमकं. शेवटी एक ओळ: "काठीकडील खालच्या कोपऱ्यात हिरवी खूण. ही शिवणाऱ्या घरातील स्त्रीने स्वहस्ते लावावयाची. रीत पूर्वापार."

ही रेघ वाकडी येईल वाटलं होतं. सरळ आली.

आश्विन शुद्ध ४

मंजूर! रावसाहेब म्हणाले, "वाटलंच मला. पीराचा ना?" मी म्हणालो, लोक नाना तऱ्हा सांगतात. मुंबईचं बारगळलं. भाईंना निरोप पोचला. त्यांनी बोळभर गूळ वाटला म्हणे.

पिराजी कानाशी येऊन म्हणाला, "म्या सांगितलंच हुतं की."

आश्विन शुद्ध ९

निशाण परातीतून वाजतगाजत आलं. घडी उद्यापर्यंत मोडायची नाही.

संध्याकाळी शस्त्रांबरोबर पट्टी आणि रेघा मारायची लेखणी पूजेला ठेवली. आतल्या खोलीत गेलो तर ती पेटी उघडी. वर नीट घडी केलेली कुंची, त्याची पिवळी कुंची. एक कोपरा कापलेला.

आश्विन शुद्ध १०, दसरा

निशाण चढलं. हिरव्याला लागून पिवळा तुकडा, करडईच्या फुलाएवढा. खाली बायकांच्या घोळक्यात अमीरबी आणि शालू शेजारी शेजारी, माना वर करून. आमचा बापू. पाच वर्षांनी त्याचं नाव लिहितोय.

रावसाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "अहो, हे पिवळं कुठलं? तुमच्या चित्रात तर नव्हतं!"

"चित्रात राहिलं, रावसाहेब," मी म्हणालो. "पूर्वापार आहे."