टोळीतली साथ कळवताना

आई, ऊसतोडीच्या त्या तळावरचं बाकी फारसं आठवत नाही. आठवतं ते तू माझं मनगट धरलेलं. मी चौथीत होते. तुला जुलाब लागले होते आणि मी टोळीच्या मुकादमाला सांगायला निघाले होते. तू मला ओढून आपल्या पाचटाच्या कोपीत बसवलंस. "कुनाला बोललीस तर बघ. आजारी मानूस कुनी ठिवून घेत न्हाई." मग पोटाला फडकं आवळून तू उसाच्या फडात गेलीस, मी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी तू वारलीस. गावात सांगितलं गेलं, ऊन लागलं.

माझं आताचं काम तुला खरं वाटणार नाही. बीडच्या एका आरोग्य कार्यालयात सकाळी संगणक उघडून मी आजार शोधते. गावोगावच्या बातम्या, यूट्यूबवरचे लोकल चॅनेल, फेसबुकवरचे ग्रुप, सगळीकडे हगवण, कावीळ, उलट्या असे शब्द टाकून बघायचं. काही सापडलं की त्या गावाला फोन. खरं निघालं तर पथक जातं. शेजारच्या टेबलावरचे म्हणतात, "आज कायीच न्हाई मॅडम, चहा सांगा." मला मात्र काहीच नसलं की भीती वाटते. तुझ्यासारख्या बायका कुठं लिहिणार आहेत?

काल नेकनूरकडच्या आपल्या गावाचं नाव फेसबुकवर दिसलं. लेकरांना उलट्या-जुलाब, एवढंच. गावच्या आशा सेविकेला फोन केला. त्या म्हणाल्या, "गावात लेकरं हायेत कुठं? म्हातारी तेवढी राहिलीत, अन् ती जेवून झोपलीत." मी 'अफवा' असा शेरा मारला. दुपारी डबा उघडला तेव्हा लक्षात आलं. तोडीला गेलेल्या टोळीला तिकडं कारखान्यावरसुद्धा गावाच्याच नावानं ओळखतात; आजारी लेकरं तिथली असणार. हे मला कळायला नको होतं का? मी त्याच टोळीत वाढले. आता तिथं आपला धाकटा आहे, त्याची बायको आहे, त्यांची मुलगी आहे.

भावजयीला फोन लावला. आधी म्हणाली, ऊन लागलंय. मी विचारलं, "थंडीत?" तेव्हा तिनं खरं सांगितलं.

"वन्सं, लई लेकरांना हाय. आपलीबी पडून हाय, डोळे आत गेलेत. पर तुमी कुठं लिहू नका. बोभाटा झाला तर पुढच्या साली टोळी घेनार न्हाई म्हनतोय मुकादम. तुमाला पगार हाय, आमाला कोयता."

साखर-मिठाचं पाणी पाजत राहा असं सांगून मी फोन ठेवला आणि बसून राहिले. माझ्या कामात बसून राहण्याला जागा नाही, तरी बसले. किती वेळ, ते नीट सांगता येत नाही आणि तेच टोचतं. मग शेरा खोडला, कारखान्याकडच्या जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयाला कळवलं. पथक संध्याकाळी पोचलं.

मुलीला सलाईन लावलंय. धाकटा सांगतो, डोळे उघडते, बोलत नाही. मुकादम कोपी-कोपीत विचारत फिरतोय, कुणी सांगितलं म्हणून. मघाशी भावजयीनं विचारलं, "वन्सं, तुमी तर न्हाई ना?"

मी म्हणाले, "फेसबुकवर आलं होतं ना, तिथून कळलं असेल त्यांना."

तिला खरं सांगायचं धाडस होत नाही, म्हणून हे तुला लिहितेय. तू कुठं कुणाला सांगणार आहेस.